रघोजीरावांची चारपट दुर्बीण

पडदा वर जातो तेव्हा तंजावूरच्या मेलवीधी रस्त्यामागची एक अरुंद गल्ली दिसते. उजव्या अंगाला मोपेड, डाव्या अंगाला सुपात वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, आणि मधोमध ओट्यावर वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं पांढरं धोतर, नेसलेले, एक डोळा मिटून बसलेले एक गृहस्थ. त्यांच्या खांद्याला छर्र्याची बंदूक आहे, बंदुकीच्या पाठीवर नवी कोरी काळी दुर्बीण आहे, आणि दुर्बिणीचा रोख समोरच्या विजेच्या खांबावर आहे. बंदूक मधल्या बिजागरीत मोडून नळी खाली लोंबत ठेवलेली आहे, म्हणजे बार उडणं शक्य नाही. पण दूधवाल्याला ते काय ठाऊक? तो सायकल धरून भिंतीला चिकटून उभा आहे.

“सार, मी जाऊ का?” तो तमिळमध्ये विचारतो.

“जा रे बाबा. मी खांब बघतोय.”

“खांबानं काय पाप केलं?” आतून बायकोचा आवाज येतो.

हे रघोजीराव, आणि आतला आवाज कामाक्षीचा. त्यांच्या घरापासून दोन दारं सोडून मी राहते. माझी उमर महाराष्ट्रात संगीत नाटकांच्या दौऱ्यांत गेली. म्हातारपणी गावी परतले तेव्हा स्टेशनवरून माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आले ते हेच. “अक्का, रिक्षावाला ट्रंक आडवी धरतो, आतली पैठणी चुरगळेल,” म्हणाले. गल्लीत देवनागरी वाचणारी आता मीच उरले आहे. त्यामुळे हे लिहिलेलं रघोजीराव वाचणार नाहीत, आणि मला मोकळेपणानं त्यांचं कौतुक करता येईल. आम्हां तंजावूरच्या मराठी माणसांच्या बोलीत अर्धं तमिळ असतं. वाचणाऱ्यांसाठी मी ती थोडी सारखी करून घेतली आहे, एवढं सांगून ठेवते.

रघोजीराव वीज मंडळात लाइन इन्स्पेक्टर होते. इथून जवळच्या पापनाशमच्या भाताच्या खाचरांतून जाणारे कितीतरी खांब त्यांच्या देखरेखीखाली उभे राहिले. ती सवय सुटलेली नाही. लग्नाला गेले तरी आधी मांडवाचे खांब बघतील, मग नवरानवरीला. एकदा मुहूर्ताला दोन मिनिटं उरली असताना त्यांनी भटजींना बाजूला सरायला सांगितलं होतं, कारण केळीचा खांब पूर्वेला झुकला होता. वादळात तारा तुटल्या की दिवसचे दिवस चिखलात राहायचे, आणि घरी येताना कुठल्या तरी शेतकऱ्यानं दिलेला फणस खांद्यावर असायचा. त्याचे वाटे आधी शेजारच्या घरांत जायचे, उरलं तर कामाक्षीला.

आता बंदुकीचं सांगते. आमच्या लोकांत खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेजारची तमिळ घरं त्याच दिवशी आयुधपूजा करतात. पण रघोजीरावांच्या घराण्यात विजयादशमीला एक जास्तीचा रिवाज आहे. पापनाशमजवळ कालव्याच्या काठी त्यांची सामायिक नारळीची बाग आहे. तिथं केळीच्या बुंध्यापुढं एक लिंबू टांगायचं, मागं कालव्याचा मातीचा बांध. घरातल्या थोरल्यानं एकच बार टाकायचा आणि लिंबू फोडायचं. मग वन्नीची, म्हणजे आपल्या शमीची पानं वाटायची. पूर्वी म्हणे तीर होता, मग ठासणीची बंदूक आली, आणि रघोजीरावांच्या वडिलांच्या वेळेपासून परवाना न लागणारी ही छर्र्याची बंदूक. वडिलांनी एक नियमही घालून दिला होता. थोरल्याचं लिंबू लागोपाठ तीन वर्षं हुकलं, की तिथल्या तिथं बंदूक पुढच्याच्या हाती द्यायची.

रघोजीरावांचं दोन वर्षं हुकलं होतं.

पुढचा म्हणजे त्यांचा चुलतभाऊ सुरेंद्र. चेन्नईत कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावानं सरळ, पण बंदूक म्हटली की हात मागं घेणारा. दुसऱ्या वर्षी लिंबू हुकलं तेव्हाच त्यानं सांगून टाकलं, “दादा, माझ्याकडं आलं तर मी देवापुढं एक नारळ फोडेन. झालं. हे बार वगैरे आता पुरे.” रागानं नाही, अगदी प्रेमानं म्हणाला. प्रेमानं म्हटलेलं जास्त लागतं. त्या दिवशी बसमध्ये परत येताना रघोजीरावांनी वाटेतला एकही खांब पाहिला नाही. मी शेजारीच बसले होते.

“अक्का,” म्हणाले, “माझा मान गेला तर जाऊ दे. पण माझ्यानंतर तिथं लिंबूच टांगायचं नाही, असं झालं तर?”

कामाक्षीनं उपाय सुचवला होता. “लिंबू दिसत नाही ना? मग पपनस टांगा. नाहीतर भोपळा टांगा. तोही हुकला तर मी तुमच्या डोळ्यांवर सांबार ओतीन.”

“लिंबू म्हणजे लिंबू.”

“मग रडा.”

दोष डोळ्यांचा होता, आणि हे आम्हांला त्यांच्या भाचीनं समजावलं. भुवना डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते. तिनं मामाला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, “मामा, नेम धरताना काय काय बघता?”

“मागची खाच, पुढचा मणी, आणि लिंबू.”

“तीन वस्तू, तीन अंतरांवर. मोतीबिंदू काढून जी भिंगं बसवली आहेत, ती लांबचं दाखवतात. लिंबू दिसलं की खाच विरघळते. चष्मा लावून खाच बघितली की लिंबू विरघळतं. बरोबर?”

“अगदी बरोबर! तुला कसं कळलं?”

“माझा पगार त्याचाच आहे, मामा.”

मग तिनं दुर्बिणीचं नाव काढलं. दुर्बिणीत खाच नाही, मणी नाही. आत एक बारीक फुली असते, आणि ती फुली व लिंबू एकाच अंतरावर असल्यासारखं दिसतं. डोळ्याला एकच गोष्ट बघायची. रघोजीराव ऐकता ऐकता उठून उभे राहिले. भुवना दवाखान्यात परत जायच्या आत त्यांनी चेन्नईच्या दुकानात फोन लावला, आणि सगळ्यांत मोठी कुठली ते विचारून तीच मागवली. चोवीसपट. भुवनाला विचारायचं राहूनच गेलं.

ती आली तेव्हा गल्ली गोळा झाली. हातभर लांब, पुढचं तोंड वाटीएवढं. रघोजीरावांनी ती बंदुकीवर चढवली आणि आम्ही सगळे बागेत गेलो. लिंबू टांगलं. ते बसले, डोळा लावला, आणि बंदूक इकडून तिकडं फिरवत राहिले.

“काय दिसतं?” कामाक्षीनं विचारलं.

“हिरवं.”

“हिरवं काय?”

“नुसतं हिरवं. थांब. काहीतरी आलं. मुंगळा! अगं, केवढा मुंगळा! मिशा हलवतोय!”

“आणि लिंबू?”

लिंबू काही सापडेना. सापडलं तेव्हा पिवळ्या धुक्यासारखं दिसलं आणि लगेच पळालं. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, आणि मधल्या वेळात छातीच्या ठोक्याबरोबर उड्या. “हे लिंबू भ्यालं आहे,” असं रघोजीराव गंभीरपणे म्हणाले. त्यांनी तरी दहा-बारा छर्रे झाडले. छर्र्याच्या बंदुकीतली स्प्रिंग आधी मागं आणि मग पुढं असा दुहेरी धक्का देते. त्या धक्क्यांनी दुर्बीण कड्यांसकट मागं सरकत सरकत शेवटी त्यांच्या भुवईला येऊन टेकली. तिची आतली फुलीही एका बाजूला झुकली. एवढी मोठी दुर्बीण, आणि तिला ही म्हातारी बंदूक सोसवली नाही.

भुवनानं डोक्याला हात लावला. “मामा, चोवीसपट मोठं करायचं म्हणजे लिंबू एकटं मोठं होत नाही. तुमचा श्वास, तुमची नाडी, तुमच्या हाताचा कंप, सगळं चोवीसपट होतं. दिसण्याचा तुकडा मात्र बोटाएवढा होतो. ही दूरच्या निशाण्यासाठी बनवलेली. तुमचं लिंबू आहे पंचवीस मीटरवर. इतक्या जवळचं तिला स्वच्छ दिसतच नाही.”

“मग किती घ्यायची?”

“चारपट.”

“चार? फक्त चार?” त्यांचा चेहरा असा पडला, जणू त्यांना राजाच्या भूमिकेवरून काढून भालदार केलं होतं.

“चारपट. पंचवीस मीटरवरचं लिंबू सव्वासहा मीटरवर आल्यासारखं दिसेल. तेवढ्यावरचं लिंबू दिसत नाही का तुम्हांला?”

रघोजीरावांनी ओट्यावरून गल्लीपलीकडच्या घरात पाहिलं. तिथं टोपलीत लिंबं होती. त्यांनी ती बोटानं मोजली आणि आत गेले. चारपट दुर्बीण मागवली गेली. या वेळी फोन भुवनानं केला. छर्र्याच्या बंदुकीचा दुहेरी धक्का सोसणारी, आणि जवळचं स्वच्छ दाखवण्यासाठी पुढचं तोंड फिरवता येणारी हवी, असं तिनं बजावून सांगितलं.

बसवण्याचं काम तीन संध्याकाळी चाललं. बंदुकीच्या पाठीवर एक खोबणीची पट्टी असते. तिच्यावर दोन कड्या बसतात आणि त्या कड्यांत दुर्बीण. या खेपेला मागच्या कडीला खाली एक छोटी खुंटी होती. ती पट्टीतल्या भोकात अडकली की दुर्बीण मागं सरकू शकत नाही. मग डोळ्यापासूनचं अंतर. रघोजीराव डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायचे, गाल टेकवायचे आणि मग डोळा उघडायचे. चित्र पूर्ण गोल दिसेपर्यंत भुवना दुर्बीण केसभर मागं-पुढं करायची. कडेला काळी सावली आली की “नाही”, गोल भरलं की “आहा!” पूर्ण गोल सापडल्यावर फुली सरळ करायची. नाहीतर नेम वर-खाली करताना छर्रा तिरका जातो.

इथं आपण पडद्याजवळ परत येतो. फुलीची उभी रेघ सरळ आहे का हे पाहायला रघोजीरावांनी समोरचा विजेचा खांब निवडला. का, तर तो त्यांनी स्वतः उभा करून घेतलेला. आणि रेघ खांबाला काही केल्या जुळेना.

“दुर्बीण तिरकी आहे,” ते म्हणाले.

“खांब तिरका आहे,” कामाक्षी दारात येऊन म्हणाली.

“माझा खांब?”

“तुमचाच. गेल्या पावसापासून झुकलाय. तुम्हांला सांगायचं कुणी?”

भुवनानं दोरीला कुलूप बांधून ते दारातून टांगलं. झाला ओळंबा. फुलीची रेघ दोरीला तंतोतंत जुळली. रघोजीराव एकदा दोरीकडं, एकदा खांबाकडं बघत राहिले. मग त्यांनी कड्यांचे वरचे स्क्रू आवळले. एक इकडचा थोडा, एक तिकडचा थोडा, कोपऱ्यातून कोपऱ्यात, वीज मंडळात शिकले होते तसे. दुसऱ्या दिवशी वीज मंडळाच्या कचेरीत जाऊन खांबाची तक्रारही नोंदवून आले.

मग बागेत जाऊन झिरो करणं, म्हणजे फुली आणि छर्रा एका जागी आणणं. कागदावर बार टाकायचा, भोक कुठं पडलं ते बघायचं, आणि दुर्बिणीवरच्या दोन चकत्या टकटक फिरवायच्या. एक वर-खाली करते, एक डावी-उजवी. कामाक्षी सावलीत शेवग्याचा पाला निवडत बसलेली. चौथ्या कागदावर पाच भोकं एकमेकांना खेटून बसली. सगळी एका लिंबात मावतील अशी. रघोजीराव तो कागद घेऊन धावत आमच्याकडं आले, आणि कामाक्षी पहिल्यांदाच टोमणा न मारता म्हणाली, “अय्यो, खरंच!” तो कागद तिनं घरी आल्यावर रामाच्या तसबिरीच्या मागं खोचून ठेवला.

आता सगळं ठीक होणार, असं तुम्हांला वाटेल. आम्हांलाही वाटलं.

खंडेनवमीच्या सकाळी पाटावर केळीची पानं मांडली. वडिलांची तलवार म्यानातून काढून उघडी ठेवली. नारळ उतरवायचा कोयता, रघोजीरावांची पक्कड आणि टेस्टर, कामाक्षीचा मिक्सर, मोपेडची किल्ली, भुवनाची डोळे तपासायची बॅटरी. आणि बंदूक. रघोजीराव चंदनाची वाटी घेऊन बसले आणि बंदुकीपाशी थबकले.

“काय झालं?” मी विचारलं.

“अक्का, बंदूक बाबांची. दुर्बीण माझी, आणि तीही यंदा नवी. बाबांच्या हत्याराच्या पाठीवर बसून तिनं पूजा घ्यायची? शिवाय तलवार म्यानातून काढतो, तर बंदूक ओझं घेऊन कशी ठेवू? नव्या हत्याराला पहिल्या वर्षी वेगळं पान, वेगळं फूल. आमच्याकडं तसंच आहे.”

आणि आम्ही दोघी, मी आणि कामाक्षी, अगदी शहाण्यासारखं मान डोलावून “बरोबर आहे” म्हणालो! त्यांनी खालचे स्क्रू सैल केले, दुर्बीण उचलली आणि वेगळ्या पानावर ठेवली. तिला गंध लावलं, कुंकू लावलं, शेवंती वाहिली. फार सुंदर दिसत होती. आम्ही आरती केली.

संध्याकाळी भुवना सुंडलचा, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीचा, प्रसाद घ्यायला आली. पाटाकडं पाहिलं आणि तिच्या हातातला द्रोण कलंडला.

“मामा! काढलीत?”

“पूजेपुरती. उद्या परत लावू.”

“झिरो गेलं की!”

पूजेत ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशीच्या पुनःपूजेपर्यंत हात लावायचा नसतो. लहान मुलांनाही ठाऊक असतं, त्या दिवशी पुस्तकसुद्धा उघडत नाहीत. आणि विजयादशमीचा पहिला बार लिंबावरच पडला पाहिजे. त्याआधी कागदावर एकही छर्रा टाकायचा नाही. म्हणजे सकाळी दुर्बीण लावायची आणि न तपासता एकच बार. आपल्याच भक्तीनं रघोजीरावांनी आपलेच हात बांधून घेतले होते.

“वरचे स्क्रू उघडले नाहीत ना?” भुवनानं विचारलं.

“नाही. फक्त खालचे.”

“मग खुंटी त्याच भोकात बसेल. जवळपास येईल. जवळपास.”

“लिंबू किती मोठं घेऊ?” कामाक्षीनं अगदी हळू विचारलं. रघोजीरावांनी तिच्याकडं पाहिलं. ती समईत तेल घालायला उठली.

सकाळी पुनःपूजा झाली. त्यांनी हात धुतले, दुर्बिणीचं गंध ओल्या मऊ फडक्यानं टिपलं, खुंटी भोकात घातली आणि स्क्रू आवळले. आम्ही बागेत पोचलो तेव्हा सुरेंद्र आणि त्याची बायको जननी चेन्नईहून गाडीनं आलेली होती. सुरेंद्राच्या हातात सोललेला नारळ होता. त्यानं तो पाठीमागं धरला होता, पण दिसत होता.

केळीच्या बुंध्यापुढं लिंबू हलकेच फिरत होतं. भाताच्या कोंड्याचं पोतं पुढं ठेवून रघोजीराव बसले. नळी मोडली, छर्रा घातला, नळी मिटली. गाल टेकवला. जननी मोबाइलवर चित्रण करत होती. मी रंगभूमीवर पुष्कळ शांतता पाहिली आहे, पण पडदा उघडण्यापूर्वीची ती शांतता मला कालव्याच्या काठी पुन्हा भेटली.

बार झाला.

लिंबू तिथंच. जरासं डोललं आणि थांबलं.

कामाक्षीनं पदर तोंडाला लावला. सुरेंद्र नारळ पुढं घेऊन एक पाऊल आला. आणि पोत्यावरून आवाज आला. खचलेला नव्हे हो, हर्षभरित!

“दिसलं! अरे, दिसलं!”

“काय दिसलं, दादा?”

“भोक! बुंध्यातून पाणी गळतंय बघ. लिंबाच्या डावीकडं दोन बोटं, आणि एक बोट खाली. दोन वर्षं हुकत होतो, पण कुठं हुकतो तेच कळत नव्हतं. आज कळलं! ये, ये, बघ तरी. नुसतं बघ, बार टाकू नकोस.”

सुरेंद्र भिडेखातर वाकला. एका हातात नारळ तसाच. डोळा लावला. एक क्षण, दोन क्षण.

“हो की,” तो म्हणाला. “दादा, फुली मधोमध धरूनसुद्धा छर्रा तिकडं गेला?”

“दुर्बीण काढून लावली ना, म्हणून.”

“म्हणजे दर वेळी तेवढाच तिकडं जाणार?”

“तेवढाच.”

“मग फुली उजवीकडं दोन बोटं आणि वर एक बोट धरली तर…” तो थांबला. इंजिनिअरच तो. त्यानं नारळ कामाक्षीच्या हातात दिला. अशा बेतानं दिला की जणू चहाचा कप देतोय. आणि पोत्यामागं मांडी घालून बसला.

रघोजीरावांनी त्याला बंदूक नियमाप्रमाणं दोन्ही हातांनी दिली. मग त्याच्या मागं उकिडवे बसले आणि कानाशी कुजबुजले. आम्हांला सगळं ऐकू येत होतं. “घट्ट धरू नकोस. तिला उडी मारायची असते, मारू दे. श्वास अर्धा सोड. सोडलास? आता लिंबाकडं नको, मी सांगितलं तिकडं बघ. घोडा ओढू नकोस, दाब. दाबत राहा. कधी उडेल ते तुला कळता कामा नये.”

बार झाला, आणि लिंबाचा रस केळीच्या बुंध्यावर उडाला.

सुरेंद्र ओरडला. चाळिशी उलटलेला तो मोठा साहेब उठून उडी मारून असा ओरडला, की कालव्यातले बगळे उडाले. कामाक्षी हातातल्या नारळासकट रडत होती. रघोजीरावांनी शमीची पानं उचलली. यंदा ती वाटायचा मान सुरेंद्राचा होता, म्हणून त्यांनी सगळी त्याच्या ओंजळीत घातली, आणि पहिलं पान घ्यायला स्वतः हात पुढं केला. सुरेंद्र त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला मधेच धरून उभं केलं, त्याची मान सरळ आहे की नाही ते सवयीनं पाहिलं, आणि म्हणाले,

“सुरेंद्रा, पोंगलला ये. चार दिवस सुट्टी काढूनच ये, सरावाला बसू. आणि जननीला घेऊन ये. मोबाइल धरलेला तिचा हात बघत होतो मी, तुझ्यापेक्षा पुष्कळ स्थिर आहे.”